खंडेनवमीची रेकॉर्ड

रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्याला गाण्यातलं फार कळतं, असा एक गैरसमज बडोद्यात आहे. निदान माझ्या बाबतीत तरी होता. दांडिया बाजारातल्या माझ्या दुकानात माणूस शिरला की आधी एखादा राग विचारायचा आणि मग बिघडलेला प्लेअर पिशवीतून बाहेर काढायचा. खरं सांगायचं तर माझा गाण्याशी संबंध कमी आणि धुळीशी जास्त आला. दुकान बंद करून आता दोनेक वर्षं झाली, तरी नखांत काळं दिसतंच.

धंदा काय होता ते आधी सांगतो, कारण आजच्या वाचकाला रेकॉर्ड म्हणजे भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू वाटते. रेकॉर्डवर एकच लांबलचक खाच असते, बाहेरून वळत वळत आत गेलेली. गाणं असतं त्या खाचेच्या भिंतींवर. सुई त्या भिंतींना घासत जाते, भिंत जशी वळेल तशी थरथरते, आणि ती थरथर मोठी करून स्पीकरकडे पाठवली की आपण म्हणतो, वा, काय आवाज आहे. सुईला चांगलंवाईट कळत नाही. खाचेत गवई असेल तर ती गवई वाजवते आणि कचरा असेल तर तितक्याच इमानाने कचरा वाजवते. माझं निम्मं आयुष्य तो कचरा काढण्यात गेलं.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. डभोईच्या एका भाईंनी रेकॉर्ड धुऊन गच्चीवर पापडांच्या शेजारी वाळत घातली होती. पापड वाळले आणि रेकॉर्डची वाटी झाली. ती वाटी घेऊन ते माझ्याकडे आले आणि हिला इस्त्री करून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं तर माझ्याकडे इस्त्री नसावी अशा समजुतीने दुसऱ्या दिवशी स्वतःची घेऊन आले. दुसरे एक वकील होते. सुई उडी मारते म्हणून ते तिच्या डोक्यावर नाणं चिकटवायचे, आणि तरी उडी मारली तर आणखी एक. शेवटी त्यांच्या रेकॉर्डी शेतासारख्या नांगरल्या गेल्या. त्यांना मी कधी हसलो नाही. आवडत्या वस्तूला माणूस जितकं छळतो तितकं नावडतीला छळत नाही, हे मला या धंद्याने शिकवलं.

आज लिहायचं आहे ते मात्र एकाच रेकॉर्डबद्दल, आणि ती ज्यांची होती त्या कर्णिकांबद्दल.

यशवंत कर्णिक कोयलीकडच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. त्यांचे पणजोबा सरकारवाड्यात कारकून होते, त्याचा अभिमान त्यांच्या सगळ्या घराण्याला होता, एकट्या कर्णिकांना नव्हता. त्यांना अभिमान होता तो एका हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरचा. त्याचं टोक चालत्या मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आतलं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते ऐकायचं. कारखान्याने कानात घालायला बोळे दिले होते आणि ते घाला म्हणून सारखं बजावलंही होतं. कर्णिक ते खिशात ठेवायचे. कान बंद केले तर मशीन ऐकू कसं येणार, असं त्यांचं म्हणणं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही दोघंही चाळिशीच्या आत होतो. हातात एक विलायती प्लेअर होता आणि बगलेत ही रेकॉर्ड. कारखान्यात मशिनरी बसवायला आलेला एक अमेरिकन इंजिनिअर परत जाताना आपलं सामान वाटून गेला होता. नाचाची गाणी होती ती सगळी इतरांनी उचलली. ही एक राहिली, कारण पाकिटावर बाई नव्हती. विटांच्या भिंतीपुढे तीन काळे गृहस्थ उभे होते, तिघांच्या अंगात कोट आणि तिघंही कॅमेऱ्याकडे सोडून भलतीकडेच बघत होते. कोणी घेत नाही म्हणून कर्णिकांनी घेतली. तिघांची नावं पाकिटावर होती. ती मी इथे देत नाही, कारण दिली तरी कोणाला ओळखू येणार नाहीत. त्यांच्या देशातही आली नाहीत, हे मला पुढे कळलं.

मी सुई बदलली आणि चाचणीसाठी रेकॉर्ड लावली. ऑर्गन, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम, बस. गाणारं कोणीच नाही. मला ऑर्गनची तेवढी ओळख होती. माझे वडील हौशी संगीत नाटकांत ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे ऑर्गनने कसं वागावं याविषयी माझी मतं ठाम होती. नटाच्या पाठोपाठ चालावं, तो श्वास घ्यायला थांबला तर जागा भरून काढावी, आणि पडदा पडला की गप्प बसावं. या रेकॉर्डवरचं ऑर्गन घरधनी होतं. ते गुरगुरत होतं, मध्येच हसल्यासारखं करत होतं, आणि त्याच्या खाली काहीतरी सारखं चालत होतं, न थांबता, एका चालीत. मला ते आवडलं नाही. मी आवाज कमी करायला हात पुढे केला.

कर्णिकांनी माझा हात धरला. आमच्या बडोदेकरी मराठीत म्हणाले, "जोगळेकर, राहू द्या ने. मशीन बराबर चालतंय. तीन माणसं आहेत आणि एक पण बेअरिंग खराब नाही."

संगीतावरचं याहून नेमकं मत मी पुढे कुठल्या टीकाकाराकडूनही ऐकलं नाही. त्या वेळी मात्र मी कपाळाला हात लावला होता.

पुढे दर रविवारी सकाळी ते रेकॉर्ड घेऊन दुकानात यायचे, कारण माझ्याकडचे स्पीकर मोठे होते. शेव-उसळ मागवायची, शटर अर्धं खाली ओढायचं आणि दोन्ही बाजू ऐकायच्या. असं कित्येक वर्षं चाललं. नावडती गोष्ट इतक्यांदा ऐकली की एक तर डोकं फिरतं, नाहीतर ती कळायला लागते. मला ती कळायला लागली.

आधी कळलं ते खालचं चालणं. त्या तिघांत मोठं तंतुवाद्य घेऊन खर्ज धरणारा चौथा माणूस नाही. ते काम ऑर्गनवाला स्वतःच डाव्या हाताने आणि पायांनी करतो. उजव्या हाताने तो गोष्ट सांगत असतो आणि डावा हात मात्र घरचं सगळं बघत असतो. पहिल्या बाजूची पहिली चीज बारा घरांचा, म्हणजे ठेक्याच्या बारा खणांचा, फेरा आहे. बारा घरं फिरायची आणि पुन्हा दारात यायचं. दर फेऱ्याला दार तेच, पण येणारा थोडा बदललेला. हे कळल्यावर मला आवर्तनाची आठवण झाली आणि माझी अढी गेली. ड्रमवाला उजव्या हाताने एका पितळी थाळीवर काठी टेकवत असतो, इतक्या हलक्या हाताने की तो थांबला तरच तो होता हे कळावं. गिटारवाला कमी बोलतो. त्याची पाळी आली की तोही दोन वाक्यं बोलून थांबतो, समोरच्याला पटलं का ते बघतो आणि मगच पुढे जातो.

दुसऱ्या बाजूला एक संथ चीज आहे. सगळ्या रेकॉर्डचा जीव तिच्यात आहे असं माझं मत आहे. गिटार सुरू होते आणि ऑर्गनवाला खाली एकच सूर धरून ठेवतो. घरातलं मोठं माणूस काही न बोलता ऐकत बसतं, तसा. त्या ऑर्गनच्या स्पीकरच्या पेटीत एक भोंगा गोल फिरत असतो, त्यामुळे धरलेला सूरही स्थिर राहत नाही, थरथरत राहतो. हे शास्त्र मला ठाऊक होतं, तरी दर वेळी त्या जागी माझा शेव-उसळीचा घास हातातच राहायचा. गिटारचं सांगून झालं की ऑर्गन उत्तर देईल असं वाटतं. ते देत नाही. तो सूर हळूहळू खाली उतरतो, डावा हात दोन-चार पावलं चालतो आणि तिघं थांबतात. शेवटाला झगमगाट नाही, कोणी टाळ्या मागत नाही. ही रेकॉर्ड का खपली नसावी ते मला तिथे समजतं. दुकानात उभं राहून घाईघाईने ऐकणाऱ्याला त्यात काहीच सापडणार नाही. मला कित्येक रविवार लागले आणि माझा तर धंदाच ऐकण्याचा होता.

कर्णिक निवृत्त झाले त्याच्या आसपासची गोष्ट. एका रविवारी पहिली बाजू संपली आणि ते म्हणाले, "हा ड्रमवाला हल्ली थाळी वाजवत नाही."

मी हसलो. मला वाटलं गंमत करताहेत. मग त्यांचं तोंड पाहिलं. ते खरंच विचारात पडले होते. थाळी वाजत होती, मला स्वच्छ ऐकू येत होती. रेकॉर्डवरचा माणूस आहे, तो आज वाजवीन, उद्या नाही, असं करू शकत नाही. बदललं होतं ते ऐकणारं माणूस. मी तेव्हा काहीतरी सारवासारव केली, सुई झिजली असेल म्हणालो, आणि नवी सुई लावली. थाळी परत आली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी विषय काढला नाही आणि मीही नाही.

मशीनच्या गोंगाटाने जाणारे कान वरून खाली जातात, हे मला नंतर कानाच्या डॉक्टरांनी समजावलं. आधी बारीक, टोकदार आवाज जातात. थाळी, पैंजण, पाखरं. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज. जाड, खालचे आवाज सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतात. कर्णिकांचं अगदी तसंच झालं. आधी थाळी गेली, मग गिटारच्या वरच्या तारा. मग पुण्याच्या मुलीचा फोनवरचा आवाज गेला, आणि तिच्या लेकीचा तर त्यांनी कधी नीट ऐकलाच नाही. मालतीवहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं बोलणं त्यांना ओठांवरून कळायचं. त्या ओट्याकडे तोंड करून बोलल्या की संपलं. कानाचं मशीन आणलं, पण ते लावलं की भांडी आदळल्यासारखा आवाज डोक्यात घुसतो म्हणून ते डबीतच राहिलं. गाणी त्यांची सगळी गेली. आवडती नाट्यगीतं, भावगीतं, सगळी. रेडिओ लावला की त्यांना नुसतं गुणगुणणं ऐकू यायचं.

राहिली ती ही एक रेकॉर्ड. ऑर्गनचा डावा हात त्यांना ऐकू येत होता.

माझ्या दुकानापर्यंत येणं त्यांना जड व्हायला लागलं तेव्हा मी माझे मोठे स्पीकर त्यांच्या घरी नेऊन बसवले. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर ते रेकॉर्ड लावायचे, खुर्ची स्पीकरच्या पेटीला चिकटून घ्यायचे आणि पेटीवर तळवा ठेवून बसायचे. निम्मं कानाने, निम्मं हाताने. बाकीचा दिवस हा माणूस घरात भांड्यासारखा बसलेला असायचा. कोणी आलं की कसनुसं हसायचं, भलत्याच ठिकाणी हो म्हणायचं. त्या अर्ध्या-पाऊण तासात मात्र त्यांच्या चेहऱ्यावर जुने कर्णिक दिसायचे. वहिनी मला म्हणाल्या होत्या की घरात त्यांच्याशी बोलणारं आता तेवढंच एक उरलंय. मत्सर नव्हता त्यात. त्या चहा देताना खोलीच्या दारातच थांबायच्या. आत बसून त्यांनी ती रेकॉर्ड कधी ऐकली नाही. ते त्यांचं आहे, असं म्हणायच्या.

आता खंडेनवमीचं सांगतो. आपल्याकडे त्या दिवशी ज्या वस्तूवर आपलं चालतं तिची पूजा करतात. मी दुकानात सोल्डरिंग आयर्न आणि पेचकस मांडायचो. शेजारचा शिंपी मशीनला हार घालायचा. कर्णिकांच्या घरी दर वर्षी तो लांब स्क्रू ड्रायव्हर पाटावर यायचा. वहिनी त्याला हळदकुंकू लावायच्या, वर झेंडूचं फूल ठेवायच्या, आणि पुजलेल्या वस्तूला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. निवृत्तीनंतरही ती रीत चालू होती. तीनेक वर्षांपूर्वी कर्णिकांनी तो स्क्रू ड्रायव्हर कोणालातरी देऊन टाकला. ज्याला ऐकू येत नाही त्याने तो ठेवून काय करायचा, म्हणाले.

त्या वर्षी वहिनींनी पाट मांडला आणि त्यांच्या लक्षात आलं की पाटावर यांचं असं काहीच नाही. सुरी होती, कात्री होती, त्यांचं स्वतःचं शिवणाचं मशीन होतं. नवऱ्याची जागा रिकामी. मग त्यांनी ती रेकॉर्ड पाकिटातून काढली, पाटावर ठेवली, आणि ओल्या हळदीची आणि कुंकवाची बोटं ओढली. पाकिटावर नाही, रेकॉर्डवर. पूजा वस्तूची करतात, खोक्याची करत नाहीत. अक्षता वाहिल्या, फुलाने पाणी शिंपडलं, नमस्कार केला. कर्णिक समोर बसले होते. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले, असं वहिनींनी मला सांगितलं. त्या दोघांनाही त्या क्षणी खाचेची आठवण झाली नाही. मी तिथे असतो तर मला झाली असती, पण मी ओरडलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही.

हळदकुंकू रात्रभर आणि दुसरा दिवसभर खाचांत सुकलं. दसऱ्याच्या संध्याकाळी, सोनं वाटून झाल्यावर, कर्णिकांनी फुलं उचलली, फडक्याने रेकॉर्ड दोन्हीकडून दाबून पुसली आणि लावली. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. पत्र्यावर वाळू घासल्यासारखा आवाज आला म्हणून त्या धावत बाहेर आल्या, तर कर्णिक पेटीवर हात ठेवून डोळे मिटून स्वस्थ बसले होते. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. वहिनींनी सुई उचलली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा, शेजारी सोनं द्यायला आलेत, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या दुकानात आल्या. रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळलेली होती. त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. मी टॉवेल उघडला. काळ्यावर पिवळं आणि लाल, आणि त्यातून सुई गेलेली दिसत होती.

"भावजी," त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडचं शेवटचं होतं ते, आणि मी पूजा करून घालवलं."

मी नेहमीचं बोललो. बघू या, होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका. धंद्यात सगळ्यांनाच हे म्हणायची सवय असते. कर्णिकांना काय सांगितलंत विचारलं, तर प्लेअरची सुई खराब आहे आणि ती आणायला जातेय असं सांगून आल्या होत्या. त्यांना कळायच्या आत साफ करून द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

मी जे येत होतं ते सगळं केलं. मधल्या कागदाला पाणी लागू नये म्हणून झाकण लावलं, शुद्ध पाण्यात साबणाचे थेंब टाकले, मऊ ब्रशने खाचेच्या वळणाने घासत गेलो. आडवं घासलं की खेळ संपतो, म्हणून हात सावकाश चालवावा लागतो. वरचं सगळं निघालं. पाणी केशरी झालं, मग गुलाबी, मग स्वच्छ. पण दोन्ही बाजूंवरून फडकं आणि एकीवरून सुईही फिरली होती, आणि कुंकवातले बारीक कण त्यांनी भिंतींत रुतवून ठेवले होते. हळदकुंकू बोटाला रेशमासारखं लागतं. सुईच्या मापाने पाहिलं तर ते दगडगोटे असतात. मी ती पुन्हा पुन्हा धुतली. शेवटी उजेडात धरलं की रेकॉर्ड नव्यासारखी दिसत होती.

लावून पाहिली. फोडणी तडतडत असावी तसा आवाज येत होता, थांबतच नव्हता. पहिल्या बाजूची थाळी त्यात बुडाली. दुसऱ्या बाजूचं तर विचारूच नका, कारण वहिनींनी उलटी करूनही बोटं ओढली होती. त्या संथ चिजेत गिटारवाला दोन वाक्यं बोलून थांबतो ना, तो थांबला की आता नुसती तडतड ऐकू यायची. ज्या शांततेसाठी मी ती रेकॉर्ड ऐकत आलो होतो तीच नेमकी गेली होती. दुकानात मी एकटा होतो आणि मला रडू आलं. माझ्यापुरती ती रेकॉर्ड मेली होती.

दुसरी प्रत मिळते का ते पाहिलं. मुंबईच्या जुन्या बाजारातल्या ओळखीच्या विक्रेत्यांना विचारलं, अहमदाबादला विचारलं. कोणी नावही ऐकलेलं नव्हतं. मग भाच्याच्या मदतीने परदेशातल्या जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांना विचारलं. एकाने उत्तर दिलं. ती कंपनी केव्हाच बुडाली, रेकॉर्ड खपली नाही म्हणून उरलेल्या प्रती वितळवल्या असाव्यात, आणि त्या ऑर्गनवाल्याने पुन्हा स्वतःच्या नावाने काही काढलं नाही. उत्तर देणाऱ्या त्या माणसानेही ती कधी ऐकलेली नव्हती. माझ्याकडे असेल तर विकणार का, असं त्याने विचारलं होतं. मी भाच्याला तेवढ्यावरच थांबायला सांगितलं.

सुई मुंबईहून यायची आहे असं सांगून वहिनींनी तेवढे दिवस काढले होते. शेवटी रेकॉर्ड घेऊन मी कर्णिकांच्या घरी गेलो. जिन्यात वहिनींना खरं सांगितलं. जेवढं निघायचं तेवढं निघालं, बाकीचं आता कायमचं. त्यांनी मान हलवली आणि दार उघडलं.

कर्णिकांनी स्वतःच रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू. खुर्ची ओढली, तळवा पेटीवर ठेवला. खोलीभर तडतड पसरली. वहिनी दारात उभ्या होत्या आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मी खाली बघत बसलो. संथ चीज सुरू झाली आणि काही वेळाने कर्णिक माझ्याकडे वळून हसले.

"किती स्वच्छ वाजतंय, जोगळेकर," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखे, जरा मोठ्याने. "सुई चांगली आणलीत."

ती तडतड सगळी बारीक, टोकदार आवाजाची होती. त्यांचे कान तिथपर्यंत पोचतच नव्हते. डावा हात खालून चालत होता, धरलेला सूर थरथरत होता, आणि तेवढंच त्यांना ऐकू येत होतं. आम्हा दोघांसाठी जे बिघडलं होतं ते त्यांच्यासाठी जसंच्या तसं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हा माणूस आमच्यापासून किती लांब जाऊन बसलाय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं कळलं.

मग त्यांनी वहिनींना हाक मारली. तू पण बस ने, इतकी वर्षं मी एकटाच ऐकतोय, असं म्हणाले. वहिनी कधी आत बसलेल्या नव्हत्या. त्या आल्या आणि स्टुलावर बसल्या. आपल्या हाताने केलेली खरखर त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि छान आहे म्हणाल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांना बसावं लागलं. कर्णिक त्यांच्याशिवाय लावेनात. मला ती एक शिक्षाच वाटायची, म्हणून मी तिथे जाणं कमी केलं. दुकान बंद करायचं चाललं होतं, निमित्त आयतंच होतं.

मागच्या दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो. कर्णिक फार थकले होते. शुगरमुळे बोटं बधिर झाली होती, कपही धरवत नव्हता. वहिनींनी रेकॉर्ड लावली आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "भावजी, आधी मला नुसतं माझं कुंकूच ऐकू यायचं. आता त्याच्या मागची ती तीन माणसं ऐकू यायला लागलीत. तो गिटारवाला किती कमी बोलतो, नाही?"

मीही कान देऊन बसलो. तडतडीच्या पलीकडे, पावसाच्या आवाजात शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यावं तसं, ते तिघं होते. गिटारचं सांगून झालं. ऑर्गनने तो सूर धरून ठेवला होता आणि तो खाली उतरायला लागला होता. रेकॉर्डवर याहून जाड, याहून भरीव आवाज दुसरा नाही.

तो सूर अजून वाजत असतानाच कर्णिकांनी पेटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"संपली का?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांना दिसेल अशी मान हलवली, हो म्हणून. ते उठले, भिंतीला धरत धरत आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर आडवे झाले. वहिनी तशाच बसून राहिल्या. डावा हात दोन-चार पावलं चालला आणि तिघं थांबले. मग त्यांनी उठून सुई उचलली, रेकॉर्ड मऊ फडक्याने खाचेच्या वळणाने पुसली आणि पाकिटात घातली.